वृद्धांची वाट : थळघाट ते त्र्यंबक परिसरांतील वास्तूंचा एक विचार

म्हातारपण हा विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेबाहेरचा आहे, असें प्रथमदर्शनीं वाटण्याचा संभव आहे. राजवंश, लढाया, सनदा, वतनें यांच्या शोधांत आपण गढलेले असतों. आणि ज्याला उंबरठा ओलांडतांना दुसऱ्याचा हात लागतो अशा माणसासाठीं पूर्वजांनीं काय बांधलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आतां मात्र तो विचारणें प्राप्त झालें आहे. इ. स. २०११ च्या खानेसुमारींत साठ वर्षें व त्यावरील वयाचीं माणसें भारतांत सुमारें १० कोटि ३८ लक्ष, म्हणजे शेंकडा ८.६ भरलीं, महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा ९.९ होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २००७ मध्यें वृद्धांस सोयीचीं शहरें कशीं असावींत याविषयीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यासाठीं झालेल्या पाहणींत दिल्ली व उदेपूर हीं आपल्याकडील शहरेंही होतीं. नगररचनेचे अभ्यासक हा प्रश्न अगदीं नवा म्हणून मांडतात. तो कितपत नवा आहे, हें एका लहानशा टापूच्या आधारें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा टापू घोटी व तिच्या आसपासचा. घोटी हें नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यांतील बाजारपेठेचें गांव. भाताच्या व्यापाराबद्दल त्याची ख्याति आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता थळघाट, म्हणजे हल्लींचा कसारा घाट, चढून इगतपुरीस येतो आणि पुढें नाशिकच्या वाटेवर घोटी लागते. येथूनच सिन्नर, भंडारदरा व त्र्यंबक या दिशांस वाटा फुटतात. दक्षिणेस १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर उभें आहे. संशोधक इकडे येतो तो त्रिंगलवाडीचें जैन लेणें किंवा कावनईचा किल्ला पाहण्यासाठीं. वाटेवरील विहीर, पार, धर्मशाळा व घाटाच्या पायऱ्या यांकडे तो ओझरती नजर टाकून पुढें जातो. वस्तुतः आपल्या विषयाचीं साधनें हींच आहेत.

या साधनांवरून जो निष्कर्ष निघतो तो आरंभींच सांगतों. पूर्वकाळीं वृद्धांसाठीं निराळी वास्तु बांधण्याचा प्रघात फारसा दिसत नाहीं. सोय केली जाई ती वाटेची : लांब वाटेचे लहान लहान टप्पे पाडावयाचे, आणि प्रत्येक टप्प्यावर राबणाऱ्या माणसाच्या पोटाची तरतूद कायमची करून ठेवावयाची. या दोन गोष्टी एकत्र होत्या तोंवर सोय टिकली. एक सुटली कीं दुसरी निरुपयोगी झाली. आजच्या योजनांचीही परीक्षा याच दोन कसोट्यांवर करितां येते.

१. ग्रंथ व आज्ञा

प्रथम ग्रंथांतील पुरावा पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्रांत जनपद वसविण्याच्या प्रकरणांत बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त, संकटांत सांपडलेले व अनाथ यांचें पोषण राजानें करावें असें सांगितलें आहे. हा राजाच्या दानशीलतेचा गौरव नसून वसाहतीच्या व्यवस्थेचें एक कलम आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मनुस्मृतींत, वाटेंत कोणी कोणाला मार्ग द्यावा याचा नियम येतो. रथांत बसलेला, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा व वर यांच्याबरोबर त्या यादींत ‘दशमीस्थ’ म्हणजे नव्वदी ओलांडलेला मनुष्यही आहे. यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. नव्वदी ओलांडलेलीं माणसें त्या काळींही रस्त्यावर दिसत. आणि तीं घरांत न बसतां बाहेर पडणार, हें गृहीत धरून नियम घातला गेला. वृद्धांच्या सोयीचा नगरनियम शोधूं लागल्यास त्याचें एक अति प्राचीन रूप हें होय.

शिलालेखांकडे वळल्यास पहिलें नांव अशोकाचें. दुसऱ्या गिरिलेखांत रस्त्यांवर विहिरी खणल्याचा व झाडें लावल्याचा उल्लेख आहे. आठव्या गिरिलेखांत विहारयात्रांऐवजीं धर्मयात्रा सुरू केल्याचें सांगून, त्या यात्रांत वृद्धांची भेट घेणें व त्यांस द्रव्य देणें यांचा अंतर्भाव केला आहे. याच आठव्या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस इ. स. १८८२ मध्यें सोपाऱ्यास सांपडला. म्हणजे ज्या बंदरांतून घाटमाथ्याकडे व्यापारी वाटा जात, त्या बंदरांतच ही राजाज्ञा दगडावर कोरलेली होती. तथापि तिचा अर्थ ताणणें बरें नव्हे. अशोक वृद्धांस भेटतो व द्रव्य देतो. वृद्धांसाठीं इमारत बांधल्याचें तो सांगत नाहीं.

२. त्रिरश्मीचे लेख

याहून जवळचा व भरघोस पुरावा नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत, म्हणजे पांडवलेण्यांत, मिळतो. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याच्या दहाव्या लेण्यांतील लेखांत त्याच्या दानांची यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणीं त्यानें चतुःशाला, आवसथ व प्रतिश्रय दिले. विहिरी, तळीं व बागा केल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर उतारूंसाठीं फुकट नावा ठेवल्या. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे बसण्याची जागा व पाणपोई, यांची व्यवस्था केली. गोवर्धन नाशिकनजीकचें, शूर्पारक म्हणजे अशोकाचा लेख जेथें मिळाला तेंच सोपारें. या दोहोंना जोडणारी स्वाभाविक वाट थळघाटाची. तेव्हां घोटीचा टापू त्या दानाच्या दोन टोंकांमध्यें येतो, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

या यादींत वृद्धांचें नांव नाहीं, हें खरें. पण तिची रचना पाहावी. मुक्कामाला चार बाजूंनीं बंदिस्त जागा, नदीवर नाव, आणि नावेंत चढण्यापूर्वीं व उतरल्यानंतर, दोन्ही तीरांवर, बसावयास जागा व प्यावयास पाणी. तरुण मनुष्य एका तीरावर पाणी पिऊन पलीकडे निघून जातो. दोन्ही तीरांवर सोय लागते ती थांबत थांबत चालणाऱ्याला. दात्याच्या मनांत जो प्रवासी होता तो सर्वांत हळू चालणारा होता, असें माझें मत आहे. आणि हळू चालणाऱ्याची सोय झाली कीं इतरांची आपोआप होते.

त्याच लेण्यांतील दुसरा लेख याहून महत्त्वाचा आहे. संवत्सर ४२ मध्यें उषवदातानें लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठीं ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवि’, म्हणजे मूळ रकमेस हात न लावतां व्याजावर चालावयाचा निधि, गोवर्धनांतील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविला. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व्याजानें, दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या रकमेचें वार्षिक व्याज २४० होतें, आणि त्यांतून २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकविला गेला व फलकावर नोंदविला गेला. लेणें कोरून देऊन दाता मोकळा झाला नाहीं. त्यांतील माणसाला वर्षानुवर्षें वस्त्र कोठून मिळेल तेंही त्यानें बांधून दिलें.

पुढें आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षीं विष्णुदत्ता नांवाच्या एका शक उपासिकेनें याच त्रिरश्मीवर असाच निधि ठेविला. ती गणपक रेभिलाची पत्नी व गणपक विश्ववर्म्याची माता. तिच्या निधीचा उद्देश स्पष्ट आहे : चारी दिशांकडून येऊन येथें राहणाऱ्या भिक्षुसंघांतील रुग्णांस औषध. रकमा कुलरिक, ओदयंत्रिक, तिलपिषक इत्यादि श्रेणींकडे ठेवल्या होत्या; कुंभार, पाण्याचीं यंत्रें करणारे व तेली असे या शब्दांचे अर्थ लावतात. डोंगराच्या कुशींतील कोठडींत दगडी ओट्यावर पडलेल्या आजारी भिक्षूला खालीं उतरून गोवर्धनास जाणें शक्य नव्हतें. औषध वर जावें लागे, आणि तें नेणारा व त्याचें मोल देणारा नेहमीं असावा लागे. ही गोष्ट विष्णुदत्तेनें ओळखली होती.

३. मराठेशाहींतील घाट, पायऱ्या व क्षेत्रवास

मध्यंतरींचीं शतकें सोडून मराठेशाहीकडे आल्यास हीच रीत नव्या स्वरूपांत आढळते. नाशिकचें रामकुंड इ. स. १६९६ मध्यें खटावकडील चित्रराव खटावकर यांनीं बांधल्याचें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे. पुढें त्याची सुधारणा पेशवे माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनीं केली. थळघाटांतील जुन्या वाटेवर अहिल्याबाई होळकर यांच्या नांवानें ओळखली जाणारी घुमटी विहीर आहे. सप्तशृंग गडावरील पायऱ्यांचें श्रेय उमाबाई दाभाडे यांस दिलें जातें. त्र्यंबकेश्वराचें हल्लींचें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं उभारण्यास घेतलें. या यादींत स्त्रियांचीं, व त्यांतही वैधव्यांत दिवस काढलेल्या स्त्रियांचीं, नांवें वारंवार येतात. उतारवयांत तीर्थाच्या वाटेला कोण लागतें व त्याला काय सोसावें लागतें, हें त्यांना अनुभवानें ठाऊक असावें.

घाटाची पायरी ही वास्तु म्हणून विचार करण्याजोगी आहे. ती वाट असते आणि बैठकही असते. दम लागलेला मनुष्य जेथें असेल तेथें बसूं शकतो. त्यासाठीं पुढच्या धर्मशाळेपर्यंत जाण्याची गरज नाहीं. रुंद पायरीवर काठी टेकून दोन पावलें एकाच पायरीवर ठेवितां येतात, व मागून येणारा बाजूनें निघून जातो. अरुंद व उंच पायरीला हे गुण नसतात. म्हणून एखाद्या घाटाची उंची सांगण्यापेक्षां त्याच्या एका पायरीची उंची व रुंदी सांगणें आपल्या विषयाला अधिक उपकारक आहे.

नाशिक-त्र्यंबक हा टापू क्षेत्रवासाचाही होता. उत्तर आयुष्य तीर्थाच्या कांठीं घालवावें ही कल्पना काशीवासाइतकीच गोदावरीच्या तीरीं रूढ होती. गोपिकाबाई स्वतः पुणें सोडून नाशिकजवळ गंगापूर येथें राहिल्या व इ. स. १७८८ मध्यें निवर्तल्या. अशा वृद्ध रहिवाशांमुळें क्षेत्राच्या गांवाची एक विशिष्ट घडण होते : नदी, देऊळ, अन्नछत्र, वैद्य व उपाध्याय हीं सर्व चालत जाण्याच्या अंतरांत. आजचे नगररचनाकार ज्या गुणासाठीं नवे नियम करीत आहेत, तो येथें परंपरेनें आलेला होता.

४. उणिवा

तथापि जुनें तें सर्व वृद्धांस सोयीचें होतें असें म्हणणें सत्यास सोडून होईल. जुन्या वाड्याकडे पाहावें. ओसरी, पडवी, झोपाळा व दाराशेजारचा ओटा हीं म्हाताऱ्या माणसाचीं हक्काचीं स्थानें. तेथें बसून त्याला रस्ता दिसे, येणारा-जाणारा बोले, आणि घरांत त्याची आठवण राही. पण त्याच वाड्यांत माडीचा जिना भिंतीच्या पोटांत, अंधारा व उभा, उंबरठे उंच, आणि शौचकूप परसाच्या टोंकास. घोटीकडच्या पर्जन्यप्रधान मुलखांत जोतें उंच ठेवावें लागतें. पाणी घरांत शिरत नाहीं, परंतु पावसाळ्याचे चार महिने ओल्या पायऱ्या उतरण्याच्या भयानें म्हातारीं माणसें घरांतच कोंडलीं जातात. हे दोष सुनेच्या, मुलाच्या, नातवाच्या हातानें भरून निघत. म्हणजे वाड्याची सोय दगडालांकडांत कमी व कुटुंबांत अधिक होती. मुलें मुंबईस किंवा नाशकास गेलीं कीं तोच वाडा वृद्धाला अवघड होतो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. पार, पाणवठा, धर्मशाळा व घाट हे सर्वांना खुले नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं २ मार्च १९३० रोजीं सत्याग्रह सुरू झाला व तो पुढें कित्येक वर्षें चालला. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील वृद्धेला रामकुंडाच्या पायरीची उंची मोजण्याचा प्रसंगच येत नव्हता. तिला त्या पायरीपर्यंत येऊं दिलें जात नव्हतें. वृद्धांच्या सोयीचा इतिहास लिहितांना ही गोष्ट गाळल्यास तो इतिहास अर्धाच राहील.

५. टप्पे मोडले

इ. स. १८६५ मध्यें थळघाटांतून आगगाडी इगतपुरीस पोंचली. पूर्वीं जो घाट बैलगाडीनें किंवा पायीं दमत चढावा लागे, तो वृद्ध यात्रेकरू बसल्या जागीं चढूं लागला. घाटांतील सर्वांत तीव्र चढ सदतिसांत एक असा आहे. पायऱ्यांऐवजीं उतरण, पायांऐवजीं चाक, हा बदल वृद्धांना निःसंशय उपकारक ठरला. परंतु याच बदलानें वाटेवरील विहिरी, पार व धर्मशाळा यांचें काम संपलें. गाडी तेथें थांबत नव्हती. वापर सुटला तशी देखरेख सुटली, आणि देखरेखीसाठीं असलेलें उत्पन्नही दुसरीकडे वळलें. साधारण याच दशकांत पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीनें निराधार व पंगु जनांसाठीं आश्रम स्थापन झाला, जो आज ‘निवारा’ या नांवानें ओळखला जातो. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाहीं; पण दोन्ही मिळून एका पालटाची खूण आहेत. वाटेवरची सोय मागें पडली व वृद्धांसाठीं निराळें घर ही कल्पना पुढें आली.

पुढचा इतिहास याच दिशेनें गेला आहे. मुंबई-आग्रा रस्ता रुंद झाला. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. अशा रस्त्यावर वेग असतो. थांबा, सावली व ओळखीचा माणूस नसतो. रुंद रस्ता गांवाच्या अंगावरून जातो तेथें वृद्धाला सर्वांत कठीण प्रवास पलीकडच्या कडेपर्यंतचा होतो. ‘दशमीस्थाला’ वाट देण्याचा नियम तेथें कोणी पाळीत नाहीं.

उलट कांहीं चांगलीं उदाहरणेंही नमूद केलीं पाहिजेत. सप्तशृंग गडावर, जेथें पायऱ्यांचा मार्ग होता, तेथें इ. स. २०१८ पासून रुळांवरून चढणारी गाडी सुरू आहे. वृद्ध व अपंग भाविक आतां देवीच्या पायांशीं पोंचतात. अपंगांच्या हक्कांविषयींचा इ. स. २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारतींत सुलभ प्रवेश सक्तीचा करतो, आणि चाकाच्या खुर्चीसाठीं उतरण बारांत एकापेक्षां तीव्र नसावी हें प्रमाण सर्वमान्य झालें आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाविषयींच्या इ. स. २००७ च्या कायद्यांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, दीडशें निराधार वृद्ध राहूं शकतील असा, वृद्धाश्रम राज्य सरकारनें क्रमशः उभारावा असें कलम आहे. इ. स. २०१९ मध्यें केंद्र सरकारनें निवृत्तांच्या वसाहतींसाठीं आदर्श नियमही प्रसृत केले.

या सर्वांना आपल्या दोन कसोट्या लावून पाहाव्या. वृद्धाश्रम व निवृत्तांची वसाहत या एका जागीं राहण्याच्या सोयी आहेत. जे वृद्ध आपल्याच घरीं राहतात त्यांची वाट त्यांनीं सुटत नाहीं. घोटीसारख्या गांवांतील बहुसंख्य वृद्ध बाजार, स्टेशन, एस. टी. स्थानक, दवाखाना व देऊळ यांच्यामध्यें फिरतात. त्यांना हवें तें थोडें आहे : या ठिकाणांमध्यें थोड्या थोड्या अंतरावर पावसांतही कोरडा राहणारा ओटा, पिण्याचें पाणी, स्वच्छ शौचालय, आणि रस्ता ओलांडतांना मध्यें थांबण्यास जागा. ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी अधिक अवघड. उतरण बांधली जाते, पण तिच्यावरचें शेवाळ काढणारा नेमला जात नाहीं. शौचालय उभें राहतें, पण त्याची किल्ली कोणाकडे तें माहीत नसतें. उषवदातानें चीवराचें व्याज निगमसभेंत नोंदविलें, तसें शेवाळ काढणाऱ्याचें वेतन ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकांत नोंदविलें पाहिजे. हें झालें नाहीं तर बांधलेलें सर्व दोन पावसाळ्यांत व्यर्थ जाईल.

घोटीनजीकच्या टाकेद येथें जटायूची कथा सांगतात. घायाळ पडलेल्या त्या वृद्ध पक्षिराजासाठीं श्रीरामांनीं सर्व तीर्थांचें पाणी तेथेंच आणलें, म्हणून तें सर्वतीर्थ टाकेद. इतिहास म्हणून या कथेचा उपयोग नाहीं. परंतु या मुलखाची समजूत तींत उतरली आहे. ज्याला हलवत नाहीं त्याच्याकडे तीर्थानें यावें.

६. संग्राहकांस विनंति

शेवटीं कागदपत्रांच्या संग्राहकांस एक विनंति आहे. धर्मशाळा, अन्नछत्रें, सदावर्तें व पाणपोया यांच्या इनामांच्या सनदा जपल्या जातात, पण त्यांचे रोजचे जमाखर्च किरकोळ म्हणून बाजूस पडतात. वस्तुतः पाणी घालणाऱ्याचें वेतन, दिव्याचें तेल, झाडू, घोंगडी, आजाऱ्यासाठीं काढा, डोलीचे भोई अशा बाबींतूनच सोय प्रत्यक्ष चालत होती कीं नाहीं हें कळतें. पेशवे दप्तरांतील धर्मादायाच्या नोंदी या दृष्टीनें पुन्हा वाचल्या पाहिजेत. त्र्यंबक व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांच्या नोंदी असतात. कोण कोणाबरोबर आला, कोण क्षेत्रांत राहिला, याचा मागोवा त्यांतून लागण्याचा संभव आहे.

तसेंच थळघाट ते नाशिक व घोटी ते त्र्यंबक या जुन्या वाटांवरील विहिरी, पार व धर्मशाळा यांची मोजदाद झाली पाहिजे. प्रत्येकीची नोंद करतांना दोहोंमधील अंतर, ओट्याची जमिनीपासून उंची, पायरीची उंची व रुंदी, सावली कोणत्या प्रहरीं असते, आणि पूर्वीं देखरेख कोणाकडे होती, एवढ्या पांच गोष्टी अवश्य लिहाव्या. रस्ते रुंद करतांना हे ओटे प्रथम पाडले जातात, आणि पाडलेल्या ओट्याची उंची मागाहून मोजतां येत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे जमाखर्च असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी प्रार्थना आहे.